दोनदा पोटातलं गेलं, आता टेस्टबद्दल तिच्याशी बोलणार कोण?

वारंवार गर्भपात झालेल्या जोडप्याला जेनेटिक टेस्ट सांगायची का, आणि त्या बोलण्यात सिस्टरनं पडायचं का, यावर आमच्या क्षेत्रात सध्या जोरात वाद चाललाय. काही डॉक्टर म्हणतात सिस्टरनं सलाईन लावावं, बीपी बघावं, क्रोमोसोमच्या, म्हणजे गुणसूत्रांच्या, भानगडीत पडू नये, अर्धवट माहितीनं पेशंट घाबरतो. आम्हा नर्सपैकी काही जणी उलट टोकाला जाऊन म्हणतात, आम्ही बीएस्सी नर्सिंगला जेनेटिक्स शिकलोय, आम्हीच टेस्ट सांगू आणि आम्हीच रिपोर्ट समजावू. दोन्हीकडे भांडण चाललंय ते मानापमानाचं, आणि जिचं दोनदा तीनदा गेलंय ती बाई या वादात कुठेच नाही. माझं म्हणणं सरळ आहे. टेस्ट लिहून देणं डॉक्टरचं काम, गुंतागुंतीच्या रिपोर्टचा अर्थ लावणं जेनेटिक्सच्या तज्ज्ञाचं काम, पण टेस्टच्या आधी, टेस्ट होताना आणि रिपोर्ट हातात पडल्यावर त्या जोडप्यासोबत राहून त्यांना वाट दाखवणं हे नर्सचं काम आहे, ते तिला लेखी दिलं पाहिजे, नीट शिकवलं पाहिजे आणि त्यासाठी ड्युटीत वेळ काढून दिला पाहिजे.

आधी विषय काय आहे ते बघू, कारण वाद घालणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचा इथेच गोंधळ आहे. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकानं २०२१ मध्ये गर्भपातावर एक लेखमाला छापली, त्यात जगभरात वर्षाला अंदाजे २ कोटी ३० लाख गर्भपात होतात असा हिशोब आहे, म्हणजे मिनिटाला ४४. पहिल्या तीन महिन्यांत जे जातात त्यातल्या निम्म्याहून जास्त गर्भांत क्रोमोसोमचा आकडाच चुकलेला असतो, सोळाव्या क्रोमोसोमच्या दोनाऐवजी तीन प्रती असणं हे त्यातलं नेहमी सापडणारं कारण. ही चूक बहुतेक वेळा स्त्रीबीज तयार होतानाच होते, आईचं वय वाढतं तशी जास्त होते, आणि त्यात कुणाच्या घराण्याचा काही संबंध नसतो. दुसरा प्रकार वेगळा. वारंवार गर्भपात होणाऱ्या शंभरातल्या तीन-चार जोडप्यांत नवरा किंवा बायको यापैकी एकाच्या क्रोमोसोममध्ये तुकड्यांची अदलाबदल झालेली असते, त्याला बॅलन्स्ड ट्रान्सलोकेशन म्हणतात. दोन वह्यांची काही पानं एकमेकींत शिवली गेलीत पण मजकूर सगळा शाबूत आहे असं समजा, त्यामुळे तो माणूस स्वतः ठणठणीत असतो, पण बीज तयार होताना कधी पानं जास्त जातात कधी कमी. म्हणजे टेस्ट पण दोन वेगवेगळ्या झाल्या, एक पडलेल्या गर्भाच्या टिश्यूची आणि एक नवराबायकोच्या रक्ताची, आणि कुठली कधी करायची, कुठल्या निकालाचा अर्थ काय, हे दोघांना कुणीतरी बसून सांगावं लागतं. ओपीडीत डॉक्टरांच्या टेबलापाशी एका पेशंटला जो वेळ मिळतो त्यात हे होतं का? होत नाही, हे डॉक्टरही मान्य करतील.

आता एक गोष्ट जवळून दाखवते, म्हणजे नर्सनं यात पडू नये हे म्हणणं किती पोकळ आहे ते कळेल. बाईला दोन महिने होऊन गेलेत, सोनोग्राफीत ठोके लागले नाहीत, पिशवी साफ करायला घेतली. टेबलावर टिश्यू निघाला की तो डबीत कोण घालतं? सिस्टर. ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात, हाताशी डबी असते ती फॉर्मॅलिन या रसायनाची, कारण रोजचं सगळं हिस्टोपॅथॉलॉजीला, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली बघायला जातं. फॉर्मॅलिनमध्ये पेशी मरतात, मेलेल्या पेशी लॅबमध्ये वाढवता येत नाहीत, म्हणजे कॅरिओटाइप (क्रोमोसोम मोजून मांडलेला तक्ता) निघतच नाही, डीएनए पण खराब होतो. क्रोमोसोमच्या टेस्टला टिश्यू स्टेराइल नॉर्मल सलाईनमध्ये किंवा लॅबनं दिलेल्या मीडियामध्ये घालायचा असतो, थंड ठेवायचा पण गोठू द्यायचा नाही, आणि लगेच पाठवायचा. आईचं रक्त आणि पिशवीचं अस्तर त्यात राहिलं तर लॅबमध्ये आईच्याच पेशी वाढतात आणि रिपोर्ट येतो ‘नॉर्मल’, मग सगळे पुढचं कारण शोधत बसतात जे तिथे नाहीच. नवराबायकोच्या कॅरिओटाइपचं रक्त हिरव्या झाकणाच्या हेपरिनच्या ट्यूबमध्ये घ्यायचं, सवयीनं जांभळ्या ट्यूबमध्ये घेतलं तर लॅब परत पाठवते, आणि जो नवरा कसाबसा एकदा रजा टाकून आला तो दुसऱ्यांदा येत नाही. तिसऱ्यांदा गेलेल्या एका बाईच्या बाबतीत मी हे डोळ्यासमोर बघितलंय, डॉक्टरांनी टेस्टचं तोंडी सांगितलं होतं, ओटीतल्या मुलीला कुणी काही बोललं नव्हतं, सॅम्पल फॉर्मॅलिनमध्ये गेलं. त्या मुलीला दोष कसा देणार, तिला कुणी शिकवलंच नव्हतं. डबी कुठली घ्यायची हे जर सिस्टरच्या हातात आहे, तर त्या टेस्टचं काय होणार हे आजही सिस्टरच ठरवतेय, फक्त न कळता ठरवतेय. मग तिला कळून ठरवू द्यायला हरकत कसली?

समोरच्या बाजूचा सगळ्यात वजनदार मुद्दा मी टाळणार नाही. ते म्हणतात या टेस्टनं उपचार क्वचितच बदलतात, आणि हे खरं आहे. क्रोमोसोमचा आकडा चुकून गर्भ गेला असं कळलं तरी त्यावर गोळी नाही. ट्रान्सलोकेशन सापडलं तरी बरीच जोडपी पुढे नैसर्गिकरीत्याच बाळ जन्माला घालतात. काहीच कारण सापडत नाही अशा जोडप्यांचं प्रमाण निम्म्याच्या आसपास आहे, आणि त्यांच्यातही वय फार झालेलं नसेल तर पुढे साधारण चारातल्या तिघींना बाळ होतं. गाइडलाइन्सचंसुद्धा एकमत नाही, युरोपातली प्रजननतज्ज्ञांची संस्था दोन गर्भपातांनंतर तपासायला सुरुवात करा म्हणते पण टिश्यूची टेस्ट सरसकट नको, कारण समजून घ्यायचं असेल तर करा असं सांगते, ब्रिटनच्या २०२३ च्या गाइडलाइनमध्ये तिसऱ्या आणि त्यापुढच्या गर्भपातात टिश्यू तपासा आणि त्यात क्रोमोसोमच्या तुकड्यांची कमीजास्त झालेली अदलाबदल सापडली किंवा टिश्यू मिळालाच नाही तर आईबापाचं रक्त तपासा असं आहे. मग हजारोंचा खर्च कशाला, असं कुणी विचारलं तर तो प्रश्न रास्तच आहे.

पण उपचार बदलत नाही म्हणजे काहीच बदलत नाही असं होतं का? आपल्याकडे मूल पडलं की घरात चौकशी बसते. पपई खाल्लीस का, ग्रहणात चिरलंस का काही, कळशी उचलली असशील, गाडीवरून माहेरी कशाला गेलीस, नोकरी सोड म्हटलं होतं. दुसऱ्यांदा गेलं की कुणाची नजर, कुणाचं करणं, आणि तिसऱ्यांदा गेलं की मुलासाठी दुसरी बघायची भाषा दबक्या आवाजात सुरू होते. या सगळ्याच्या मधोमध एक कागद येतो ज्यावर लिहिलंय की गर्भात सोळावा क्रोमोसोम तीनदा होता, आणि सिस्टर सासूबाईंना समोर बसवून सांगते की आजी, हे बाळ दिवस राहिले तेव्हापासूनच टिकणारं नव्हतं, हिनं काही खाल्लं प्यायलं उचललं त्याचा यात काडीचा संबंध नाही. यानं उपचार बदलला नाही, पण त्या बाईचं घरातलं आयुष्य बदललं. शिवाय उलटंही होतं. टिश्यू खरोखर नॉर्मल निघाला तर शोध दुसरीकडे वळतो, रक्त गोठवणाऱ्या अँटीबॉडीज बारा आठवड्यांच्या अंतरानं दोनदा तपासायच्या, थायरॉइड बघायचं, पिशवीत पडदा आहे का बघायचं, आणि अँटीबॉडीज सापडल्या तर त्यावर अॅस्पिरिन आणि हेपरिनचा उपचार आहे. म्हणजे जेनेटिक टेस्टचा उपयोग कधी कधी ‘कारण जेनेटिक नाही’ हे कळण्यातच असतो, हे किती जोडप्यांना आधी सांगितलं जातं?

आणि याच कागदाची दुसरी बाजू भयंकर आहे, ती पण लपवायला नको. ट्रान्सलोकेशन बायकोत सापडलं आणि रिपोर्ट घरच्यांच्या हातात नुसताच पडला, तर आजवर संशय होता त्याला आता लॅबचा शिक्का मिळाला असं होतं. माझ्या मते नर्सचं मार्गदर्शन हवंच हवं ते इथे. रिपोर्ट येण्याआधी, रक्त काढायच्याही आधी, दोघांना समोरासमोर बसवून विचारायला हवं की हे बायकोत निघू शकतं तसं नवऱ्यातही निघू शकतं, यात कुणाची चूक नसते, निघालं तर तुम्ही काय कराल, रिपोर्ट कुणाला दाखवायचा आणि कुणाला नाही हे तुम्ही दोघांनी ठरवलंय का? नवरा रक्त द्यायला तयार नसतो, ‘माझं कशाला, माझ्यात काय आहे’ म्हणतो, त्याला शांतपणे पटवायचं काम डॉक्टर करत नाहीत, तेवढा वेळच नसतो. घराण्याची माहिती पण सिस्टरलाच मिळते. डॉक्टरांसमोर बाई हो-नाही करते, पण गाऊन बदलताना, सलाईन लावताना बोलते, की नणंदेचं पण दोनदा गेलंय, चुलतसासऱ्यांना एक मुलगा होता तो जन्मापासून मंद होता. हे ऐकलं की ज्याला कळतं त्याचे कान टवकारतात, कारण एकाच घराण्यात गर्भपात आणि असं मूल दोन्ही असेल तर ट्रान्सलोकेशनची शंका घ्यायला जागा असते. तीन पिढ्यांचा तक्ता काढायला शिकलेली सिस्टर हे कागदावर मांडून डॉक्टरांपुढे ठेवेल, न शिकलेली ऐकून सोडून देईल.

नर्सला जेनेटिक्स झेपणार नाही हा मुद्दा तर मला मुळीच पटत नाही, कारण आपल्याच राज्यात तो खोटा ठरलेला आहे. नंदुरबार, गडचिरोली आणि विदर्भातल्या इतर जिल्ह्यांत सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं काम वर्षानुवर्षं चाललंय, २०२३ पासून तर देशभर सिकलसेल निर्मूलनाचं मिशन आहे, त्यात रक्त तपासून कोण वाहक आणि कोण पेशंट हे सांगायचं, दोन वाहकांनी लग्न केलं तर प्रत्येक बाळाला चारात एक धोका असतो हे समजवायचं, हे गावपातळीवर एएनएम (उपकेंद्रातली आरोग्यसेविका), आशाताई आणि समुपदेशक करतात. हे जेनेटिक मार्गदर्शन नाही तर काय आहे? मग जे आदिवासी पाड्यावर एएनएमला जमतं ते शहरातल्या मॅटर्निटी वॉर्डातल्या बीएस्सी झालेल्या सिस्टरला जमणार नाही हे कुठल्या तर्कात बसतं? गडचिरोलीतलंच अजून एक उदाहरण आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेनं गावातल्या बायकांना शिकवून नवजात बाळांना घरी तपासायला, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन द्यायला लावलं, तेव्हाही हे काम डॉक्टरांचं आहे, हॉस्पिटलचं आहे, अशाच शंका होत्या. १९९९ मध्ये लॅन्सेटमध्ये निकाल आले, त्या गावांत नवजात बाळांचे मृत्यू साठ टक्क्यांहून जास्त कमी झाले होते, आणि पुढे बाळाला घरी जाऊन तपासायचं काम सरकारनं देशभरातल्या आशांकडे दिलं. अजून मागे जायचं तर पुण्यात रमाबाई रानड्यांच्या सेवासदननं बायकांना नर्सिंग शिकायला पाठवलं तेव्हाही चांगल्या घरातल्या बाईनं हे काम करू नये म्हणून लोकांनी नाकं मुरडली होती. बाईनं आरोग्याच्या कामात एक पाऊल पुढे टाकलं की तिला झेपणार नाही हे पहिल्यांदा ऐकू येतं, आणि झेपलं की मग ते काम नेहमीचंच होऊन जातं.

कायद्याची भीती मात्र खरी आहे आणि ती मी हसण्यावारी नेणार नाही. पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या कायद्यात जेनेटिक काउन्सेलिंग सेंटरची नोंदणी सक्तीची आहे, नोंदणी नसलेल्या ठिकाणी सिस्टरनं काउन्सेलिंग सुरू केलं तर अडचणीत येईल ती आणि हॉस्पिटलही. पण तोच कायदा नीट वाचा. गर्भावरच्या जेनेटिक टेस्ट कुणाला करता येतात याची जी यादी कलम ४ मध्ये आहे, त्यात पस्तिशीपुढचं वय आहे तसंच दोन किंवा जास्त गर्भपात झालेली बाई हेही स्पष्ट लिहिलंय. म्हणजे कायदा करणाऱ्यांनाही ही बाई दिसली होती. आणि नियमांत काउन्सेलिंग सेंटरसाठी पात्रता काय, तर मेडिकल जेनेटिसिस्ट, किंवा असा स्त्रीरोगतज्ज्ञ नाहीतर बालरोगतज्ज्ञ ज्याला जेनेटिक काउन्सेलिंगचा सहा महिने अनुभव आहे किंवा चार आठवड्यांचं ट्रेनिंग आहे. चार आठवडे! मग नोंदणी झालेल्या सेंटरमध्ये, त्या तज्ज्ञाच्या हाताखाली, तेवढंच ट्रेनिंग घेतलेल्या नर्सला पूर्वतयारीचं आणि नंतरच्या पाठपुराव्याचं काम द्यायला काय हरकत आहे? आणि नोंदणी नसलेल्या ठिकाणी? तिथे सिस्टरनं योग्य डबी ठेवावी, दोघांना कुठे जायचं ते सांगावं, कागद नीट लावून द्यावेत, गर्भाच्या लिंगाबद्दल एक शब्द तोंडातून काढू नये. याला कुठला कायदा आडवा येतो?

हा कायदा आला कुठून तेही आठवावं. गर्भजल तपासणी आपल्याकडे सत्तरच्या दशकात आली ती गर्भातले दोष ओळखायला, आणि बघता बघता ती मुलगी ओळखून पाडण्याचं साधन झाली, शेवटी महाराष्ट्रानं १९८८ मध्ये देशातला पहिला कायदा केला आणि मग १९९४ मध्ये केंद्राचा आला. लोक यातून एवढंच शिकले की टेस्ट वाईट. मी वेगळं काहीतरी शिकले. मशीन आणि कुटुंब यांच्या मध्ये बाईच्या बाजूनं बोलणारं कुणी नव्हतं, त्यामुळे घराला जे हवं होतं तेच मशीननं दिलं. आज तीच जागा पुन्हा रिकामी आहे आणि ती भरतंय मार्केट. लॅबवाले पॅकेज विकतात, काही सेंटर्स दोनदा गेलं म्हटल्यावर लगेच आयव्हीएफ करून भ्रूण तपासायला सांगतात, लाखांत बिल जातं, आणि वारंवार गर्भपातात सगळे भ्रूण तपासून घेतल्यानं बाळ होण्याची शक्यता वाढते याला पुरेसा पुरावा नाही हे जोडप्याला कुणी सांगत नाही. शिकलेली सिस्टर जशी टेस्ट कर म्हणून सांगेल तशीच ही टेस्ट तुम्हाला आत्ता लागत नाही असंही सांगेल. पंचविशीतल्या मुलीचं पहिल्यांदा गेलं असेल तर तिला कुठलीही जेनेटिक टेस्ट लागत नाही, तिला विश्रांती, लोहाच्या गोळ्या आणि तुझं काही चुकलं नाही हे ऐकणं लागतं. नर्सला कमिशन मिळत नाही, निदान मिळू नये, आणि म्हणूनच हे तिनं सांगितलेलं बरं.

राहिला वेळेचा प्रश्न. रात्रपाळीला एक सिस्टर अख्खा वॉर्ड बघते, तिच्या डोक्यावर अजून एक काम टाकायला मी सांगत नाहीये, आणि जे आमचेच नेते म्हणतात की हे सगळ्या सिस्टरांनी आपापलं करावं त्यांनी एक महिना लेबर रूमला ड्युटी करून बघावी. पण एचआयव्हीच्या वेळी आपण काय केलं? टेस्टच्या आधी समजावणं आणि रिपोर्टनंतर समजावणं यासाठी सरकारी दवाखान्यांत आयसीटीसी, म्हणजे समुपदेशन आणि तपासणीची केंद्रं उभी केली, वेगळी खोली दिली, वेगळा माणूस दिला, पुढे २०१७ च्या कायद्यानं संमती आणि समुपदेशन सक्तीचं झालं. तेव्हा कुणी म्हणालं नाही की डॉक्टरच सगळं सांगतील. एका रिपोर्टनं घर मोडू शकतं हे आपण एचआयव्हीत मान्य केलं, मग ट्रान्सलोकेशनच्या रिपोर्टनं मोडत नाही का? लॅन्सेटच्या त्याच लेखमालेत तिसऱ्या गर्भपाताची वाट बघत बसू नका, पहिल्यानंतर माहिती, दुसऱ्यानंतर नर्स किंवा मिडवाइफच्या क्लिनिकमध्ये भेट, तिसऱ्यानंतर तज्ज्ञांकडे पूर्ण तपासणी अशी पायरीपायरीची पद्धत सुचवली आहे. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात आठवड्यातून एक दुपार, एक ट्रेनिंग घेतलेली सिस्टर, एक दार बंद होणारी खोली, एवढ्यानं सुरुवात होते.

त्या खोलीत काय व्हायला हवं हे पण ठरलेलं असावं, प्रत्येकीच्या मर्जीवर नको. क्युरेटिंगच्या, म्हणजे पिशवी साफ करायच्या, संमतीच्या फॉर्मवरच एक ओळ हवी की टिश्यू क्रोमोसोम टेस्टला पाठवायचा आहे का, म्हणजे बाई टेबलावर गेल्यावर विचारायची वेळ येणार नाही. ओटीत सलाईनची डबी वेगळ्या लेबलची आणि वेगळ्या कप्प्यात हवी. रिपोर्टला दोन-तीन आठवडे लागतात, तोवर फोन करणारी एक ठरलेली सिस्टर हवी, आणि रिपोर्ट व्हॉट्सअॅपवर नवऱ्याच्या भावाला पाठवायचा नाही, दोघांना बोलावूनच द्यायचा हे लेखी हवं. पुढच्या वेळी दिवस राहिले की सहाव्या-सातव्या आठवड्यात सोनोग्राफीला याच सिस्टरकडे यायचं हेही. यातलं बरंचसं हॉस्पिटल उद्यापासून स्वतःच करू शकतं. पण नियमांतल्या त्या चार आठवड्यांच्या ट्रेनिंगच्या ओळीत नर्सचा उल्लेख घालायचा तर केंद्राला नियम बदलावे लागतील, आणि ती मागणी आमच्या संघटनांनी वेतनश्रेणी आणि रिक्त पदांच्या मागणीसोबत त्याच निवेदनात, त्याच पानावर लिहिली पाहिजे.